मेडोरा

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात, लिटल मिझुरी नदीकाठी वसलेले लहानसे गाव; बिलिंग्ज काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकवस्ती शंभर-सव्वाशेच्या घरात. भोवताली बॅडलँड्स, म्हणजे पावसापाण्याने कोरलेल्या रंगीत मातीच्या टेकड्या आणि घळी. ही जमीन नांगराला दाद देत नाही, पण तिच्यावरचे गवत गुरांना मानवते.

१८८० च्या सुमारास नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे रूळ नदीपर्यंत पोचले. १८८३ मध्ये मार्की द मोरेस या फ्रेंच उमरावाने गाव वसवले आणि त्याला पत्नीचे नाव दिले. त्याचा हिशेब सरळ होता. तोवर गुरे जिवंतच गाडीत भरून शिकागोला जात. वाटेत ती वाळत, आणि हाडाकातड्याचेही भाडे भरावे लागे. त्यापेक्षा ती कुरणालगतच कापून मांस बर्फाने गार ठेवलेल्या रेल्वेडब्यांतून पूर्वेकडे धाडावे. कल्पना काळाच्या पुढची होती. कत्तलखाना उभा राहिला, गावाला स्वतःचे वृत्तपत्रही मिळाले. मात्र केवळ गवतावर पोसलेली गुरे वर्षातले काही महिनेच कापण्याजोगी असत, पूर्वेकडील गिऱ्हाइकांना मक्यावर वाढवलेल्या गुरांचे मांस आवडे, आणि शिकागोच्या बड्या मांसव्यापाऱ्यांशी टक्कर देणे सोपे नव्हते. १८८६ मध्ये कारखाना बंद पडला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अवर्षण होते. कुरणांवर आधीच पेलवणार नाहीत इतके कळप चरत होते. मागोमाग १८८६-८७ चा हिवाळा आला. बर्फाच्या कडक थराखालचे उरलेसुरले गवत गुरांना उकरता येईना. ती हजारोंनी मेली. या आपत्तीचा दोष एकट्या हिवाळ्याला देता येत नाही. कुरणे आधीच संपवली होती. थिओडोर रूझवेल्ट यांचाही निम्म्याहून अधिक कळप गेला. ते १८८३ मध्ये बायसनच्या (अमेरिकेतील गव्यासारखा रानटी प्राणी) शिकारीसाठी येथे आले होते. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी आई आणि पत्नी गमावल्यावर ते पुन्हा येथेच आले आणि गावाच्या उत्तरेला त्यांनी एल्कहॉर्न हा गुरांचा तळ उभारला. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले.

गाव मात्र ओसरले. कत्तलखाना १९०७ मध्ये जळाला. त्याचे विटांचे धुराडे अजून उभे आहे. मोरेसचे सव्वीस खोल्यांचे घर आता राज्याचे ऐतिहासिक स्थळ आहे. गावाला लागूनच रूझवेल्ट यांच्या नावाचे राष्ट्रीय उद्यान असून, त्यात १९५६ मध्ये बायसन पुन्हा आणून सोडण्यात आले.