वृद्धांच्या दैनंदिन शुश्रूषेतील उणीव

आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे, जेवणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागत असूनही ती न मिळणे, अपुरी मिळणे किंवा वेळेवर न मिळणे, अशी वृद्धांची स्थिती. परावलंबन वेगळे आणि ही उणीव वेगळी. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या माणसाचे सगळे नीट होत असेल, तर उणीव नाही. गुडघ्यांमुळे कमोडवरून उठता न येणाऱ्या आजोबांना दुपारी हात द्यायला घरात कोणी नसेल, तर आहे.

परावलंबन मोजण्याची रूढ पद्धत अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. तिच्यात स्नान, कपडे, शौच, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा बाबी आहेत. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे व पैशांचे व्यवहार अशा आठ बाबींची जोड दिली. पुरुषांचे परावलंबन मोजताना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे वगळण्याची प्रथा होती. आपल्याकडच्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

उणिवेचे परिणाम बहुधा आडवाटेने येतात. शौचालयापर्यंत न्यायला कोणी नसले की म्हातारी माणसे पाणी पिणेच कमी करतात. मग बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर आणि क्वचित असंबद्ध बोलणेही. रात्री कोणाला उठवायचे, या संकोचाने एकट्याने निघालेले माणूस न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडते आणि खुब्याचे हाड मोडते. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. ते राहिले आणि डायपर ओला राहिला, की माकडहाडाजवळ व टाचांवर शय्याव्रण, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात. ताट समोर ठेवले म्हणजे जेवण झाले, असेही नाही. कवळी नीट बसत नसेल, भाकरी कुस्करून द्यायला कोणी नसेल, तर ताट तसेच परत जाते आणि वजन उतरत राहते.

अशी उणीव असलेले दुर्बल वृद्ध रुग्णालयात अधिक वेळा दाखल होतात आणि घरी सोडल्यावर पुन्हा भरती होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असते, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. मात्र जो अधिक आजारी, त्याला मदतही अधिक लागते आणि ती तोकडी पडण्याचा संभवही अधिक. त्यामुळे सगळा दोष उणिवेच्या माथी मारणे चूक ठरेल.

भारतात ‘लासी’ (लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) या वृद्धत्वाविषयीच्या दीर्घकालीन सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ वर्षांपुढील ७२,००० हून अधिक व्यक्तींना आरोग्य आणि कुटुंबाबरोबरच आंघोळ, जेवण अशा रोजच्या क्रियांमधील अडचणींविषयीही विचारण्यात आले. मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्यात अग्रणी होती. पण सून शेजारी बसलेली असताना ‘पुरेशी मदत मिळते का?’ असे कोणी विचारले, तर ‘चाललंय की’ हेच उत्तर येण्याचा संभव असतो. भरल्या घरातली उणीव म्हणूनच आकड्यांत कमी उमटू शकते. शुश्रूषेचा भार पत्नी, मुलगी किंवा सुनेवर असतो आणि अनेकदा पत्नीचीच सत्तरी उलटलेली असते. मुंबई-पुण्यात ब्युरोमार्फत शुश्रूषेसाठी बारा किंवा चोवीस तासांची बाई मिळते; तो खर्च सामान्य निवृत्तिवेतनात बसणे कठीण. खेड्यात ही सोय बहुधा नसतेच.

जपानने एप्रिल २००० पासून सक्तीचा शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो आणि गरजेची पातळी ठरवून घरी येऊन आंघोळ घालण्यापर्यंतच्या सेवा मिळतात. भारतात अशी सार्वजनिक विमा योजना नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्या कायद्यातील निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा उल्लेख आहे. रोजच्या अंगमदतीचा नाही.