एका पाकळीला आठवडा का लागतो

टॅपेस्ट्रीत, म्हणजे मागावर विणलेल्या चित्राच्या पडद्यात, फूल विणणारं कुणी आठवड्याने नवा फोटो दाखवतं आणि आपल्याला वाटतं, अरे मागच्या वेळीही एवढंच होतं की, एक पाकळी काय ती वाढली! पण यात आळस नाही, हे विणकामच तसं आहे आणि ते फार जुनं आहे.

साध्या कापडात बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. इथे प्रत्येक रंगाची वेगळी बॉबिन (धाग्याची रीळ), तो रंग आपल्या पाकळीपुरता जातो आणि तिथूनच माघारी फिरतो, शेजारचा रंगही तेच करतो, आणि बाणा ठोकून ठोकून इतका दाट बसवायचा की ताणा, म्हणजे उभे धागे, दिसताच कामा नये. चित्र आणि कापड एकदमच तयार होतं, त्यामुळे चुकलं की उसवा. (फ्रान्समधल्या बायोची ती जगप्रसिद्ध 'टॅपेस्ट्री' मुळात टॅपेस्ट्री नाहीच, लिननवर लोकरीने केलेलं भरतकाम आहे, पण नाव पडलं ते पडलं.)

इजिप्तमध्ये थुटमोस चौथा या फॅरोच्या थडग्यात या पद्धतीने विणलेले लिननचे तुकडे सापडले, साधारण इसवीसनपूर्व १४०० चे, आणि त्यांच्यावरही कमळं आहेत! फुलांची खरी चंगळ मात्र १५०० च्या आसपास फ्रान्स-फ्लँडर्सकडे झाली, मिलफ्लर म्हणजे 'हजार फुलं' शैलीत, सगळी जमीन छोट्या छोट्या झाडांनी भरलेली. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातल्या युनिकॉर्नच्या (एकशिंगी घोड्याच्या) सात पडद्यांत शंभराच्या वर जातींची झाडं आहेत आणि त्यातल्या बहुतेक ओळखताही येतात. रंग मुख्यतः तीनच वनस्पतींचे. वेल्डचा पिवळा, वोडचा निळा, आणि मॅडरचा लाल, मॅडर म्हणजे मंजिष्ठेची युरोपातली बहीण. हिरवा करायला पिवळ्यानिळ्याची जोडी लागायची, त्यातला पिवळा आधी उडतो, म्हणून जुन्या टॅपेस्ट्रीतली पानं आज निळसर दिसतात.

आता देठ बघा. उभ्या ताण्यावर बारीक उभी रेघ काढणं महाकठीण, कारण दोन रंग जिथे शेजारशेजारच्या ताण्यांवरून परत फिरतात तिथे फट पडते आणि ती नंतर शिवत बसावं लागतं. मग जुन्या विणकरांनी चित्रच आडवं केलं. मागावर देठ आडवा पडतो, बाण्याबरोबर सरळ जातो, आणि तयार पडदा टांगताना वळवला की झाड उभं! मला तर हे डोकं फुलांपेक्षा जास्त आवडतं.

पुढे चित्रकारांची हुबेहूब नक्कल करायच्या नादात रंगांच्या छटा बेसुमार वाढल्या. १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या टॅपेस्ट्रीच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख म्हणून आलेल्या रसायनशास्त्रज्ञ शेव्रलकडे तक्रार होती की काळा रंग फिका पडतो, त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा तसा दिसत होता. पाकळीला लागून कुठलं पान ठेवायचं यावर विणकर आजही अडून बसतो ते यामुळेच.

इंग्लंडचा डिझायनर विल्यम मॉरिसने १८७९ मध्ये बेडरूममध्ये माग लावून जुन्या फ्रेंच पुस्तकावरून हे काम स्वतःच शिकून घेतलं, पहाटे उठून विणायचा आणि तास लिहून ठेवायचा. अकँथस या झाडाची मोठी पानं आणि द्राक्षवेल असलेला तो पहिला तुकडा, ५१६ तास लागले. पानं इतकी फोफावली की तो स्वतःच त्याला 'कोबी आणि वेल' म्हणायचा.