धारेत घट्ट बसलेला मळ्या

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यात उतरावं आणि खळाळत्या पाण्यातल्या काळ्या दगडांकडे पाच मिनिटं टक लावून पाहावं. दगडावरच्या शेवाळात कुणी नखाने खरवडल्यासारखे फिकट चट्टे दिसतात. आणखी थोडं थांबलं की दगडाचाच एक कपचा पुढे सरकल्यासारखा वाटतो. तो मळ्या मासा. कुठे त्याला मल्या म्हणतात.

शास्त्रीय नाव गारा मुल्या. विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा नदीकाठी ऐकलेलं नाव त्याने लॅटिन नावातही ठेवलं. आपल्या नदीकाठचा शब्द जगभरच्या मत्स्यशास्त्रात गेला, याचं मला फार अप्रूप आहे.

एवढ्या ओढीत हा बोटभर मासा वाहून कसा जात नाही? पाणी दगडाला घासत जातं, त्यामुळे दगडाला अगदी लागून असलेला पाण्याचा पातळ थर वरच्या धारेपेक्षा पुष्कळ सावकाश वाहतो. मळ्याचं पोट चपटं असतं आणि छातीचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले. दगडाला अंग टेकवून तो धारेच्या तडाख्यातून बराचसा वाचतो.

हा मासा हातात आला तर ओल्या तळव्यावर उताणा धरून पाहा. तोंड खालच्या बाजूला, आणि त्याच्या मागे हनुवटीवर एक गोल चकती. मधोमध मांसल गादी, भोवती बारीक दाणेदार कड. खालच्या ओठापासून घडलेली ही चकती दगडावर दाबली की मासा जागच्या जागी घट्ट बसतो. जबड्याची कड टणक असते, तिनेच तो शेवाळ खरवडतो. पाहून झालं की त्याच पाण्यात सोडा.

झऱ्यांतल्या प्राण्यांच्या अशा पकड-अवयवांवर सुंदरलाल होरा या भारतीय शास्त्रज्ञाने आयुष्यभर काम केलं. १९३० मधला त्यांचा प्रदीर्घ निबंध याच विषयावर आहे. चकती नसलेले मासेही असतात. साताऱ्याकडच्या कृष्णेच्या खोऱ्यातून २०१२ मध्ये नव्याने नोंदवलेला बालिटोरा लॅटिकॉडा घ्या. त्याच्या कुळातले मासे छातीचे आणि पोटाचे रुंद पर पंख्यासारखे पसरून दगडाला धरतात. जमिनीवरची पाल आठवावी अशी ती ठेवण.

या साऱ्या कसबाला एक स्वच्छ दगड लागतो. वाळू उपसली, डोंगर पोखरले की गाळ येऊन दगडांवर बसतो. मग चकती नीट टेकत नाही आणि शेवाळही गाळाखाली जातं. बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं की धारच उरत नाही. पात्रात पाणी भरपूर दिसतं, पण दगडांवरचे ते फिकट चट्टे दिसेनासे होतात.