घडीच्या चाकूची क्लिप आणि ‘टिप-अप’चा घोळ

खिशाच्या काठावर अडकवण्याची क्लिप येण्यापूर्वी घडीचा चाकू एकतर खिशाच्या तळाशी पडे किंवा पट्ट्याला अडकवलेल्या चामडी म्यानात बसे. तळाशी तो नाण्या-किल्ल्यांत आडवा होई आणि हाती लागल्यावरही नखाने खाच धरून पाते ओढण्यासाठी दुसरा हात लागे. 1964 मध्ये अमेरिकेत आलेला ‘110’ हा पितळी टोप्यांचा चाकू तर वजनामुळे बहुधा म्यानातच वागवला जाई. 1981 मध्ये कोलोरॅडोतील एका कंपनीच्या ‘वर्कर’ या चाकूत मुठीवर क्लिप आणि पात्यात अंगठ्यासाठी गोल भोक, अशा दोन्ही सोयी एकत्र आल्या. चाकू खिशाच्या काठाशी उभा राहू लागला आणि एका हाताने उघडू लागला, तेव्हाच तो कोणत्या बाजूने उभा असावा हा प्रश्न निर्माण झाला.

या प्रश्नाची परिभाषा मात्र नवख्याला हमखास चकवते. ‘टिप-अप’ आणि ‘टिप-डाऊन’ यांतील ‘टिप’ म्हणजे मिटलेल्या पात्याचे टोक, आणि मिटलेल्या चाकूत ते बिजागरीच्या विरुद्ध, म्हणजे मुठीच्या बुडाशी असते. त्यामुळे ‘टिप-अप’ चाकूची बिजागरी खिशात खाली आणि क्लिप मुठीच्या बुडाशी असते; ‘टिप-डाऊन’मध्ये याच्या उलट. उघडा चाकू मनात धरून विचार करणारा नेमका उलटा अर्थ लावतो. ‘उजव्या हाताची क्लिप’ हा शब्दप्रयोगही असाच अपुरा आहे, कारण त्यातून बाजू कळते, टोकाची दिशा कळत नाही.

उजव्या खिशात टिप-अप चाकू असेल तर अंगठा खिशात शिरतो, बोटे बाहेरून क्लिपवर राहतात आणि चाकू वर येईपर्यंत अंगठा पात्याच्या भोकाजवळ पोहोचलेला असतो. टिप-डाऊन चाकू बिजागरीकडून चिमटीत धरून काढावा लागतो व मग हातात फिरवून घ्यावा लागतो. सरावलेल्या माणसाला यात अडचण वाटत नाही हे खरे, पण ती एक जादा हालचाल आहे, हेही तितकेच खरे.

टिप-डाऊनचा कैवार घेणाऱ्यांचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. पाते खिशात किंचित उघडले, तर टिप-अप चाकूत खाली जाणारी बोटे थेट धारेला भिडतात. स्प्रिंगच्या मदतीने उघडणाऱ्या चाकूंबाबत ही भीती अधिकच रास्त होती. त्यावर दिले जाणारे उत्तर भूमितीचे आहे : उजव्या खिशातील टिप-अप चाकूत पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकते आणि शिवणच पाते मिटलेले ठेवते, तर टिप-डाऊनमध्ये ती पाठ पुढच्या मोकळ्या बाजूला येते. अर्थात चाकू शिवणीला लागून बसवला असेल तरच हा आधार मिळतो. खिशाच्या मधोमध किंवा पिशवीच्या कप्प्यात अडकवला, तर सारी भिस्त पाते धरून ठेवणाऱ्या बारीक गोळीवर राहते.

1999 मध्ये एका अमेरिकी चाकूकाराला पात्याच्या पाठीवरील आकड्यासाठी पेटंट मिळाले. चाकू वर-मागे ओढताना हा आकडा खिशाच्या काठात अडकतो आणि पाते बाहेर येता येताच उघडते. हे टिप-अप ठेवणीतच जमते, त्यामुळे वादाचे पारडे त्या बाजूला झुकण्यास हातभार लागला. मात्र त्याआधीच, 1996 मध्ये, ‘मिलिटरी’ हे गाजलेले मॉडेल फक्त उजव्या बाजूच्या टिप-डाऊन क्लिपसह आले आणि त्याचे चाहते व टीकाकार त्यावर वर्षानुवर्षे भांडले; क्लिपच्या चार जागा (दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांशी) त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत, 2022 मध्ये मिळाल्या.

चार जागांच्या सोयीची किंमत म्हणजे मुठीवर उरणारी स्क्रूंची रिकामी भोके. शिवाय क्लिप डावीकडे हलवली तरी लाइनर लॉकची, म्हणजे उघडे पाते अडवून धरणारी मुठीतली पट्टी उजव्या अंगठ्याच्या सोयीचीच राहते, म्हणून डावखुऱ्याला चाकू खिशातून सहज काढता येतो, पण मिटताना बोटांची कसरत करावी लागते.