प्रेरणादायी ख्रिस्ती प्रणयकादंबरी आणि पुण्यातील ख्रिस्ती कुटुंबजीवन

स्त्री-पुरुषांच्या प्रेमाबरोबरच त्यांच्या ईश्वराशी असलेल्या नात्याचीही कथा सांगणारी, आणि या दोन्ही कथा एकमेकींवाचून पुऱ्या होऊ न देणारी कादंबरी. इंग्रजी ग्रंथव्यवहारात ती ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ या नावाने ओळखली जाते. हा प्रकार मुख्यतः अमेरिका व कॅनडा येथील प्रॉटेस्टंट वाचकांत वाढला आणि पुण्यात तो इंग्रजी पुस्तकांच्या रूपाने आला. मात्र विश्वास, वैधव्य आणि पुनर्विवाह यांची सांगड घालणारी कथा मराठीत १८५७ मध्येच लिहिली गेली होती, आणि तीच मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते; त्यामुळे पुण्यातील मराठी ख्रिस्ती घरात वाचल्या जाणाऱ्या या कादंबऱ्यांचा विचार केवळ परदेशातून आलेली करमणूक म्हणून करणे अपुरे ठरते.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात ‘श्रद्धा’ या शब्दापेक्षा ‘विश्वास’ हा शब्द अधिक येतो, आणि ‘प्रेमा’च्या जागी पुष्कळदा ‘प्रीती’. मराठी बायबलमध्ये ईश्वराचे मानवावरील प्रेम, शेजाऱ्यावरचे प्रेम आणि शत्रूवर करावयाचे प्रेम या सर्वांसाठी ‘प्रीती’ हाच शब्द योजलेला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय प्रीतीचा अध्याय म्हणून ओळखला जातो आणि लग्नाच्या उपासनेत तो आवर्जून वाचला जातो. चर्चच्या फाटकाबाहेर मात्र भावगीतांनी आणि नाट्यपदांनी हाच शब्द प्रेमिकांच्या स्वाधीन केलेला आहे. इंग्रजी कादंबरीकाराला जे दोन अर्थ जुळवून आणण्यासाठी तीनशे पाने लागतात, ते मराठी ख्रिस्ती वाचकाच्या कानावर लहानपणापासून एकाच शब्दात पडत आलेले असतात. बायबललाही हा विषय परका नाही. विधवा रूथ आणि बवाज यांचा विवाह, प्रियकर-प्रेयसीच्या संवादाने भरलेले ‘गीतरत्न’, तसेच वारंवार सोडून जाणाऱ्या पत्नीला, गोमरला, परत घरी आणणारा संदेष्टा होशेय, या तीन कथाबीजांवर या प्रकारातील असंख्य कादंबऱ्या उभ्या आहेत.

या कादंबरीचे काही संकेत ठरलेले आहेत. नायक-नायिकांचा शारीरिक संबंध विवाहापूर्वी येत नाही, आणि विवाहानंतरही लेखणी शयनगृहाच्या दारापाशी थांबते. शिवीगाळ टाळलेली असते. दोघांपैकी एकाचा तरी विश्वास सुरुवातीला डळमळीत किंवा हरवलेला असतो. त्याला कारण एखादा मृत्यू, फसवणूक किंवा स्वतःच्याच हातून घडलेले पाप असते, आणि तो विश्वास पुन्हा जागा झाल्याखेरीज लग्न होत नाही. प्रेमाखातर विश्वास पत्करला असे दिसू नये, यासाठी चांगला लेखक फार जपतो. पश्चात्तापाचा प्रसंग तो बहुधा नायक-नायिकांना एकमेकांपासून दूर ठेवूनच घडवतो. सामान्य लेखकाच्या हाती हाच प्रसंग लग्नाच्या अर्जाला जोडलेल्या दाखल्यासारखा वाटू लागतो.

या प्रकाराच्या आद्य लेखिकांत अमेरिकेच्या ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) यांची गणना होते. त्यांनी शंभरावर कादंबऱ्या लिहिल्या. आधुनिक प्रवाहाची सुरुवात साधारणतः कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) या कादंबरीपासून धरतात. पश्चिमेकडे वसाहतीसाठी निघालेल्या तरुण स्त्रीचा नवरा वाटेतच मरण पावतो, आणि परक्या मुलखात उघड्यावर पडलेली ती, आईवेगळ्या मुलीचा सांभाळ करणारे कोणी हवे असलेल्या एका विधुराशी केवळ निभाव लागावा म्हणून लग्न करते. प्रेम लग्नानंतर, घरकाम करता करता, सावकाश येते. अमेरिकेतील वाचकांना ही रचना जुन्या काळातील म्हणून लोभसवाणी वाटली असेल; ज्या घरांत आजही स्थळे पाहून लग्ने ठरतात, त्या पुण्यातील घरांत मात्र ती जवळजवळ आपलीच वाटते. पुढे फ्रान्सिन रिव्हर्स यांनी ‘रिडीमिंग लव्ह’ (१९९१) मध्ये होशेयाची कथा कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या काळात नेऊन बसवली. १९९७ मध्ये हार्लेक्विन या प्रणयकादंबऱ्यांच्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही खास माला सुरू केली, आणि आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती समुदायात घडणाऱ्या प्रेमकथांची एक स्वतंत्र शाखाही त्याच सुमारास फोफावली.

मराठीतील पूर्वसूत्र याहून जुने आहे. बेळगावात जन्मलेले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाल्यानंतर लगोलग, म्हणजे १८५७ मध्ये. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, गावोगावच्या विधवांची दैना पाहतात. पुढे विनायकाच्या मृत्यूने यमुना स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. या पुस्तकाचा हेतू समाजसुधारणेचा व धर्मप्रसाराचा असल्यामुळे त्यात अनुरागाला फारशी जागा नाही, आणि त्याला प्रणयकादंबरी म्हणणे ओढाताणीचे होईल. तरीही नवऱ्याच्या मृत्यूने उघड्यावर पडलेली तरुण विधवा, तिचा विश्वास आणि शेवटी दुसरे लग्न, हा सांगाडा ओक यांच्या कादंबरीशी इतका जुळतो की, दोहोंमध्ये सव्वाशे वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे हे मुद्दाम आठवावे लागते. पदमनजींनी पुढे काही काळ पुण्यात फ्री चर्च या स्कॉटिश प्रॉटेस्टंट पंथाचे पाळकपदही (धर्मगुरूचे पद) सांभाळले. मराठी कादंबरी मात्र या वाटेने गेली नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून ती अद्भुतरम्यतेकडे वळली, आणि ख्रिस्ती लेखणी कादंबरीपेक्षा स्तोत्रांत व आत्मकथनांत अधिक रमली.

त्या आत्मकथनांपैकी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या विषयाला सर्वांत जवळची आहेत. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पती ख्रिस्ती व पत्नी हिंदू अशा अवस्थेत दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या त्या आपला धर्म आपल्याजवळ ठेवून. मग स्वतःच्या मनाने, एकेक पाऊल टाकत त्या ख्रिस्ती विश्वासाकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. भिन्न विश्वासाच्या दोघांचे प्रेम, विरह, एकाने दुसऱ्यावर बळजबरी न करणे आणि अखेरचे मीलन, हे प्रेरणादायी प्रणयकथेचे सगळे टप्पे येथे प्रत्यक्ष आयुष्यात घडलेले आहेत. त्यात लक्ष्मीबाईंचा मिश्कीलपणा आहे, जो या प्रकारातील छापील नायिकांना क्वचितच लाभतो.

पुण्यातील ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च १७९२ पासूनचे असून त्यासाठी सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली होती. कॅम्पातील सेंट मेरीज चर्च १८२५ चे, तर गुरुवार पेठेत पंचहौदापाशी उभे असलेले, वेगळ्या उंच घंटाघराचे पवित्र नाम देवालय १८८५ चे. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींपुढे चहा आला आणि ख्रिस्ती घरचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) होऊन प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. आज पुण्यातील कोणत्याही चर्चच्या आवारात रविवारच्या उपासनेनंतर चहा होतो आणि त्याच चहाबरोबर पुस्तकांची देवघेवही होते. कॅम्प, घोरपडी, वानवडी या भागांत इंग्रजी, कोकणी, तमिळ, मलयाळम बोलणारी कुटुंबे अधिक आहेत, तर पेठांतील मराठी मंडळ्यांची मुळे पुष्कळदा अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि मराठवाड्यातील गावांत आढळतात. या कादंबऱ्या प्रथम इंग्रजी शाळांतून शिकलेल्या घरांत आल्या आणि तेथून मैत्रिणींमार्फत मराठी घरांत शिरल्या, असा क्रम दिसतो.

मराठी ख्रिस्ती घरातील विश्वासाचे दैनंदिन रूप साधे असते. सकाळी एखादा उतारा वाचून त्यावर थोडे मनन, जेवणापूर्वी आभारप्रार्थना, संध्याकाळी दिवे लागल्यावर घरच्यांनी मिळून केलेली प्रार्थना आणि तीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे भजन. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, जिला प्रॉटेस्टंट मंडळींत ‘कॉटेज मीटिंग’ म्हणतात. महिला मंडळ, आजाऱ्यांची भेट, उपवासकाळात सोडलेले मांसाहारी जेवण. कॅथलिक घरात याला जपमाळेची जोड असते. प्रार्थनासभेत आलेली माणसे ‘साक्ष’ देतात, म्हणजे आपल्या आयुष्यातील अडचण, तीत ऐकली गेलेली प्रार्थना आणि झालेला पालट चारचौघांत सांगतात. प्रेरणादायी कादंबरीची रचना या साक्षीसारखीच असते. ज्या बाईने शेकडो साक्षी ऐकल्या आहेत, तिला कादंबरीच्या विसाव्या पानावरच शेवट कळतो, आणि तरीही ती वाचत राहते, कारण साक्षीतदेखील शेवट आधीच ठाऊक असतो. ऐकायचे असते ते मधल्या अडचणीचे वर्णन.

पुस्तके येतात ती बहुतेक जुन्या बाजारातून, किलोवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या प्रदर्शनांतून, परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून, आणि अलीकडे मोबाइलवर. जुन्या प्रतीच्या पहिल्या पानावर कोणा अनोळखी अमेरिकन आजीने नातीसाठी लिहिलेला आशीर्वाद आणि खाली एखादे वचन आढळते. वाचून मध्येच ठेवलेल्या पुस्तकात झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) मिळालेला, वाळून पिवळा पडलेला पातीचा क्रूस खुणेसाठी घातलेला असतो. खाटेशेजारच्या टेबलावर बायबल आणि कादंबरी एकत्र असल्या तर बायबल वर राहते. त्याच्यावर दुसरे पुस्तक ठेवायचे नाही, हा अलिखित दंडक मुलेही पाळतात. प्रणयकादंबरी उशीखाली दडवून वाचण्याची मराठी घरातील जुनी रीत येथे लागू पडत नाही. सासूबाईंच्या देखत पुस्तक टेबलावर राहू शकते, आणि या प्रकाराच्या लोकप्रियतेचे हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

या कादंबऱ्यांविषयी ख्रिस्ती मंडळींतच आक्षेप आहेत. काही पाळकांना प्रणयकथा, ती कितीही सोवळी असली तरी, मनाला भुलवणारी वाटते. काही वाचकांना त्यातील प्रार्थना फार लवकर फळाला येतात असे वाटते. अधिक गंभीर अडचण ‘विजोड’ संबंधाची आहे. विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नये, हा करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील उपदेश या कादंबऱ्यांत कथेचा कणा असतो, आणि अमेरिकेतील पार्श्वभूमीवर त्याचा अर्थ बहुधा चर्च सोडलेल्या तरुणाला परत आणण्यापुरता राहतो. पुण्यात तोच उपदेश हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान सहकाऱ्यावर प्रेम बसलेल्या मुलीपुढे उभा राहतो, आणि तेथे दोन व्यक्तींबरोबर दोन कुटुंबे, नातेवाईक, आडनावे, अनेकदा न बोलली गेलेली जात, आणि विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली की विशेष विवाह कायद्याखाली, असे सारे प्रश्न येतात. यांपैकी एकाचेही उत्तर अमेरिकेच्या माळरानावरील कथेत मिळत नाही. त्या कथेत सासूही नसते, ही उणीव येथील वाचकाच्या लगेच ध्यानात येते.

मराठीत ख्रिस्ती प्रकाशनांची परंपरा समृद्ध आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झाले, ‘निरोप्या’ १९०३ मध्ये. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रणयकादंबरीची स्वतंत्र माला मात्र या परंपरेत रुजली नाही. तिची जागा पुण्यातील काही घरांत तोंडी कथनाने भरून निघते: इंग्रजी वाचणारी सून किंवा नात दुपारी वाचलेला भाग रात्री भाकऱ्या होताना मराठीत सांगते, परदेशी नावे सोपी करून घेते, बर्फाचे वादळ आणि घोडागाडी ठेवते, लांबलेली वर्णने गाळते. ऐकणारी आजी मध्ये फारसे बोलत नाही. लग्न ठरल्याचा भाग आला की मात्र तिचा प्रश्न हमखास येतो, की मुलाचा बाप्तिस्मा झाला का, आणि झाला असेल तर तो तिच्यासाठी घेतला की प्रभूसाठी.