किक कुठे हरवली?

मालवणजवळच्या आमच्या घरात दहा बाय दहाची एक स्लॅबची खोली आहे. गणपतीसाठी तिथे ट्रॅक करत होतो: भजनातला पखवाज, झांज आणि खाली इलेक्ट्रॉनिक किक, म्हणजे मोठ्या ड्रमसारखा खोल ठोका. खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकली. किकला जीवच वाटेना, म्हणून वाढवली, आणखी वाढवली. दुसऱ्या दिवशी भावाच्या गाडीत तोच ट्रॅक लावला, तर गाडीचे दरवाजे थरथरू लागले. पखवाजाची कणीक लावलेली डावी पुडी त्यात पार बुडाली.

हा दोष खोलीचा. आपल्या किनाऱ्यावरच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. किकचा मुख्य सूर 58 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 58 कंपनांचा धरला, तर त्याची एक लाट सहा मीटरची होते. खोली तीन मीटरची, म्हणजे नेमकी अर्धी लाट मावते. भिंतीवरून परतलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळते आणि जागच्या जागी उभी राहते. भिंतींपाशी हवेचा दाब जोरात कमी-जास्त होतो, मध्यावर जवळजवळ होतच नाही. आणि मी मध्यावरच बसलो होतो! पडताळा सोपा आहे. असा एकच सूर लावून ठेवा आणि मधून भिंतीकडे जा. दोन पावलांत आवाज फुगतो.

भिंतीला गाद्या लावून हे सुटत नाही. सहा मीटरच्या लाटेपुढे चार इंची गादी म्हणजे काहीच नाही. ती फक्त झांजेची चमक खाते. त्यापेक्षा खुर्ची मध्यावरून सरकवा. मी तर आता माजघरातच बसतो. तिथलं कौलारू छप्पर उतरतं, जमिनीला समांतर नाही, आणि कौलांच्या फटींतून बराच बेस, म्हणजे खालचे सूर, बाहेर निघून जातो. पावसाची सर आली की मात्र हेडफोन.

आवाज किती ठेवता, तेही बघा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज हळू असला की खालचे सूर कानाला फारच कमी ऐकू येतात. घरचे झोपल्यावर हळू आवाजात बसवलेला बेस म्हणून सकाळी जड निघतो.

शेवटी किक खाली आणली आणि तिच्यातला 100 हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा कापला. तिथेच ती पखवाजाला झाकत होती. डाव्या पुडीची धूम वर आली, कणकेच्या त्या ओलसर ठोक्यासकट.