राणी मुंगी कोणती हे ओळखायचं तर आधी कंबर बघा

परसात एखादी जाडजूड मुंगी एकटीच घाईघाईने चाललेली दिसली, तर ती राणी असण्याची शक्यता बरीच. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. काही जातींतल्या मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्याही फसवतात. बघायची ती छाती. कामकरी मुंगीला पंख कधीच फुटत नाहीत, त्यामुळे तिची छाती अरुंद असते. राणीच्या छातीत उडण्याचे स्नायू असतात, म्हणून ती वरून फुगीर, तुकडे जोडल्यासारखी दिसते आणि दोन्ही बाजूंना पंख मोडल्याचे बारीक वण असतात. पंख ती स्वतःच पाडते. मात्र पंख नाहीत म्हणजे मीलन झालंच, असं नाही. मीलनाविनाही काही राण्या पंख टाकतात.

पंख आहेत, डोकं बारीक आणि डोळे टपोरे, तर तो नर. मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या आणि कंबरच नाही, तर ती वाळवी.

पुढचा प्रश्न: कोणती? शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा. दुसरा जोडला की जात ठरते. ‘लॅसियस नायजर’मध्ये लॅसियस ही प्रजाती. मुंग्यांच्या वर्णन झालेल्या जाती 14,000 हून अधिक आहेत, त्यामुळे ‘काळी आणि मोठी’ या वर्णनाचा काडीचा उपयोग नाही. रंग तर सगळ्यांत दगाबाज: एकाच जातीत छटा बदलते आणि कोषातून नुकती बाहेर आलेली मुंगी फिकटच असते.

ओळखीसाठी आधी फोटो काढायचे. मुंगीला परीक्षानळीत घालून 5 ते 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, तिथे ती मरेल. गारठलेली मुंगी थोडा वेळच स्थिर राहते, तेव्हा कॅमेरा आधीच तयार हवा. पांढरा कागद, शेजारी मिलिमीटरची पट्टी. फोटो तीन: बाजूने, वरून आणि अगदी समोरून चेहऱ्याचा. एकच जमणार असेल तर बाजूचा घ्या. चकचकीत अंगावर थेट उजेड पडला की बारकावे पुसले जातात. दिव्यापुढे बटर पेपर धरा. लांबी मिटलेल्या जबड्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मोजा. लॅसियस नायजरची राणी साधारण 8 ते 9 मिमी भरते.

आता कंबर. छाती आणि पोट यांच्यामध्ये गाठी किती? इथेच निम्मं काम होतं. दहापट भिंगातून बाजूने बघितलं की गाठ उंचवट्यासारखी उठून दिसते.

एकच गाठ असेल तर पोटाचं टोक तपासा. तिथे केसांची झालर असलेलं गोल छिद्र म्हणजे फॉर्मिक आम्ल फवारणारा गट. लॅसियस आणि कॅम्पोनोटस, म्हणजे आपले मुंगळे, यातलेच. दोघांत फरक करायचा तर चेहऱ्याचा फोटो काढा. जबड्यांच्या वर एक आडवी पट्टी असते. मिशांचं मूळ त्या पट्टीला खेटून असेल तर लॅसियसकडे कल, स्पष्ट अंतर सोडून असेल तर कॅम्पोनोटसकडे. गाठ एकच, पण नांगी आहे आणि पोटाला पहिल्या वळ्यामागे चिमटा काढल्यासारखी खाच आहे, तर ती पोनेरिनी गटातली असू शकते. ही खाच दुसरी गाठ समजून मोजणं, ही नेहमीची चूक. उलट टॅपिनोमा या प्रजातीची गाठ इतकी चपटी असते की पोटाखाली दडते आणि गाठच नाही असं वाटतं.

दोन गाठी असतील तर मिशांचे भाग मोजा. कोपरापर्यंतचा लांब दांडा हा पहिला भाग. एकूण 10 आणि शेवटचे दोन फुगून गदेसारखे झालेले, तर सोलेनॉप्सिस. 12 आणि गदा तीन भागांची, तर फेडोल किंवा मोनोमोरियम शक्य आहे. मग छातीच्या मागच्या टोकाला काटे आहेत का बघा. फेडोलला असतात, मोनोमोरियमला नसतात. दुसरी गाठ पोटाच्या पुढून न जोडता वरच्या बाजूला जोडलेली दिसली, तर क्रेमॅटोगॅस्टर; इतकी सोपी खूण दुसरी नाही.

प्रजाती कळली की बहुतेक वेळा पुरतं. जातीसाठी हट्ट धरू नका: लॅसियस प्लॅटिथोरॅक्स ही नायजरपासून वेगळी जात म्हणून 1991 मध्येच नोंदली गेली, आणि अशा जवळच्या जाती अंगावरच्या केसांसारख्या खुणांवर ठरतात. शिवाय ओळखीचे तक्ते बहुतांश कामकरी मुंग्यांवर बेतलेले असतात. राणी नळीत पाळत असाल तर तिची पिल्लं वाढेपर्यंत थांबा. पहिली तुकडी खुरटी निघते, तिची मापं धरू नका.

प्रजातीवरून खाण्याचंही ठरतं. लॅसियस, कॅम्पोनोटस, फेडोल यांच्या बहुतेक राण्या पहिली कामकरी निघेपर्यंत अंगातल्या साठ्यावर राहतात. नळी सारखी उघडून बघितली तर अंडी खाऊन टाकतात. मिर्मिका या प्रजातीच्या आणि बऱ्याच पोनेरिनी राण्यांना मात्र खायला द्यावं लागतं. अपवाद लॅसियसमध्येच आहे: अंब्रेटसची राणी दुसऱ्या लॅसियसच्या वारुळात घुसून बस्तान बसवते, नळीत एकटी ठेवली तर तिचं काही होत नाही. डोकं जवळपास छातीइतकं रुंद आणि पोट अंगाच्या मानाने लहान दिसलं, तर हा संशय घ्यावा.

फोटोसोबत तारीख, वेळ, जागा आणि आदल्या दिवशी पाऊस होता का, हे लिहून ठेवा. मीलनाच्या उड्डाणाचा हंगाम जातीनुसार बदलतो. राणी मेलेलीच सापडली तर 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत टाका. शाई विरघळते.